इंटरमीजिएटनंतर काय?

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेली कितीतरी माणसं बीड जिल्ह्यात आहेत, पण शाळा सुटली की त्यांच्या हातातला कुंचलाही सुटतो. प्रौढांना पुन्हा शिकायचं असेल तर कुठे जावं? अशा शिक्षणाचा पाया जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईत तयार आहे. 16व्या शतकात इथेच संतकवी दासोपंतांनी लांबलचक कापडी पासोडीवर ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यातलं अवघड तत्त्वज्ञान आकृत्या काढून समजावलं. याच गावात यशवंतराव चव्हाणांच्या स्मरणार्थ दर नोव्हेंबरात समारोह भरतो. त्यात कविता, शास्त्रीय संगीत, चित्रप्रदर्शन असं सगळं असतं. ऐकण्या-पाहण्याची इतकी चांगली सवय लागलेल्या गावाने आता करण्याची सोयही करावी, प्रौढांसाठी तीन दिवसांचं चित्रकला शिबिर भरवावं. सकाळी चित्रकाराने सर्वांसमोर काम करावं, दुपारी शिकणाऱ्यांनी स्वतः करावं, संध्याकाळी त्याच कामावर मोकळी चर्चा व्हावी. व्याख्यानाने नजर तयार होते, पण हात रोजच्या सरावानेच वळतो. म्हणून शिबिरानंतरही महिन्यातून एकदा तरी सर्वांनी पुन्हा एकत्र बसायला हवं. आणि हे शिबिर उन्हाळ्यात घ्यावं. नोव्हेंबरात जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला परगावी गेलेली असतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या कुटुंबांतल्या गोधडीवर टाके घालणाऱ्या बाईचं रंगांचं भान कुणा पदवीधरापेक्षा कमी नसतं. तिच्यासाठी शुल्क नको, अट नको; कागद, रंग आणि सन्मानाने दिलेली जागा तेवढी हवी.