परिचर्येच्या अभ्यासाआधीचा अभ्यास

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलीने वा सुनेने 'मी नर्सिंगचे शिक्षण घेणार' असे कळवले, की घरातील ज्येष्ठांना समाधान वाटते. परंतु वर्ष उलटते, दुसरेही सरत येते, आणि विचारावे तेव्हा उत्तर मिळते, 'अजून प्रवेश व्हायचा आहे. सध्या प्री-रिक्विझिट चालू आहेत.' मग मनात येते : हे वय, ही ओढाताण, आणि मुख्य शिक्षणाचा अजून पत्ताच नाही! ही शंका बोलून दाखवण्यापूर्वी या पूर्वअभ्यासाचे स्वरूप आपण जाणून घ्यावे.

आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. शरीररचना, शरीरक्रिया, पोषण हे विषय प्रवेश मिळाल्यानंतर शिकवले जातात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत मात्र हे विषय महाविद्यालयीन पातळीवर आधी पूर्ण करावे लागतात. शरीररचना व शरीरक्रिया यांचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, पोषणशास्त्र आणि इंग्रजी लेखन असे साधारण त्यांचे स्वरूप असते. विज्ञानविषयांना प्रयोगशाळेची जोडही असते. त्यांतील श्रेणी पाहूनच पुढे प्रवेशाचा विचार होतो. नोकरी व घर सांभाळून एका सत्रात एक-दोन विषय घेतले, तर दोन वर्षे सहज जातात.

या विषयांचा उपयोग काय, हे आपल्या वयाच्या माणसांना सर्वांत आधी उमगावे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांचे कार्य क्षीण होते आणि काही औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात; हे शरीरक्रियाशास्त्र शिकवते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे रक्तातील सोडियम घटले, तर वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागते. याचे मूळ रसायनशास्त्रात आहे. वृद्धांना जंतुसंसर्ग होऊनही कधीकधी ताप येत नाही, केवळ गोंधळलेपणा दिसतो. रक्तदाबाची एकच नोंद आणि आठवडाभराच्या नोंदी यांतील फरक संख्याशास्त्राने कळतो. 'वयामुळे होत असेल' असे म्हणून जी गोष्ट एरवी सोडून दिली जाते, तिच्यापाशी जाणती परिचारिका थांबते, ती या ज्ञानाच्या बळावर. म्हणून हा काळ वाया गेला असे मानू नये.

तथापि वाट निसरडी आहे. बहुधा प्रत्येक विषयात किमान 'सी' श्रेणी लागते. स्पर्धा असेल तेथे तेवढीही पुरत नाही. विज्ञानविषय पाच किंवा सात वर्षांपूर्वी झालेले असतील, तर काही विद्यापीठे ते ग्राह्य धरत नाहीत. एखादा विषय किती वेळा पुन्हा घेता येतो, यावरही मर्यादा असते. भारतातील पदवीचे मूल्यांकन अधिकृत संस्थेकडून करून घ्यावे लागते. कम्युनिटी कॉलेजमध्ये हे विषय कमी शुल्कात होतात. परंतु आपले विद्यापीठ तेथील क्रेडिट स्वीकारते का, हे शुल्क भरण्यापूर्वी तेथील शैक्षणिक सल्लागाराकडून लेखी विचारून घेणे हिताचे. काही ठिकाणी 'टीज' नावाची प्रवेशपरीक्षाही असते. प्रत्येक विद्यापीठाचे नियम निराळे असल्याने शेजारणीच्या अनुभवावर विसंबून राहू नये.

आता आपला वाटा. आपण तेथे मुक्कामास असाल, तर प्रयोगशाळेच्या संध्याकाळी नातवंडांना सांभाळा. रात्रीच्या स्वयंपाकाचा भार उचला. हाडांची नावे पाठ करताना तिला आपला हात पुढे करू द्या; मनगटावर नाडी मोजू द्या. आपण येथे असाल, तर फोनवर 'कधी संपणार?' असे विचारण्याऐवजी 'या आठवड्यात काय शिकलीस?' असे विचारा. पहिल्या प्रश्नाने ओझे वाढते, दुसऱ्याने ते क्षणभर खाली ठेवता येते. एखाद्या विषयात श्रेणी कमी आली, तर शेजारच्या मुलीशी तुलना करू नका. पुढच्या सत्रासाठी तिला कोणती मदत हवी, ते विचारा.

मात्र एक पथ्य पाळावे. ती अजून परिचारिका झालेली नाही. पदवीनंतर 'एनक्लेक्स' ही परवानापरीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून तिला तो अधिकार मिळत नाही. म्हणून आपल्या गोळ्यांची मात्रा वाढवावी की बंद करावी, हे तिला विचारू नये. तो प्रश्न आपल्या डॉक्टरांचा. तिने प्रेमापोटी दिलेले उत्तर आपल्याला अपाय करू शकते, आणि त्याचा सल तिला आयुष्यभर राहील.

पाया भरला जात असताना इमारत दिसत नाही. पण पुढे भिंतींचा भार पेलायचा असतो तो त्यालाच. आपल्या घरातील मुलीला तो पाया सावकाश भरू द्यावा. उद्या कुणा परक्या वृद्धाच्या उशाशी ती उभी राहील, तेव्हा तिच्या ज्ञानावर त्याचा जीव विसंबलेला असेल.