रस्त्याचाही सातबारा हवा

महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आटोपले की गावोगावी ग्रामसभा भरते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत आज पाण्याच्या जोडीने रस्त्याचा विषय निघेल. जिल्हा परिषदांचा जन्मही याच तारखेचा, हे मात्र क्वचितच कुणाच्या ध्यानात असते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ रोजी त्या अस्तित्वात आल्या. गावचा निर्णय गावाजवळ व्हावा, हा त्यामागचा हेतू. सहा दशकांनंतर तो हेतू कुठवर पोहोचला, हे पाहायला गावाबाहेरचा डांबरी रस्ता पुरेसा आहे.

कागदावर वाटणी स्वच्छ आहे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग, म्हणजे ‘इजिमा’ आणि ‘ग्रामा’, जिल्हा परिषदेचे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. त्यावर योजनांचे थर आहेत. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० पासून, मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ पासून, तर रोजगार हमीच्या जोडीने शेत-पाणंद रस्ते करणारी मातोश्री योजना २०२१ पासून. मध्येच एखाद्या रस्त्याची दर्जोन्नती होते आणि तो एका खात्यातून दुसऱ्यात जातो. वैजापूर-गंगापूरच्या शिवारातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचे बरे-वाईट रस्ते विकास महामंडळाला विचारता येते. त्याच शिवारातल्या ग्रामीण मार्गावरच्या खड्ड्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला मात्र ‘तो रस्ता आमच्याकडे नाही’ हे उत्तर एकाहून अधिक टेबलांवर ऐकावे लागते.

दुखणे पैशाच्या वाटेतही आहे. देखभालीसारखा महसुली खर्च ३०५४ या लेखाशीर्षाखाली पडतो, नव्या बांधणीचा भांडवली खर्च ५०५४ खाली. नव्या कामाला भूमिपूजन असते, नारळ असतो, नावांचा फलक असतो. चर मोकळा केला, मोरीतला गाळ काढला, साइडपट्टीवर मुरूम टाकला, यासाठी कोणी मंडप घालत नाही. पण आपल्याकडचा रस्ता टिकतो तो याच कामांवर. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कडेला पाणी तुंबले की ते मुरून पाया हलतो, डांबराला तडे जातात आणि उरलेले काम उसाच्या ट्रॉल्या व वाळूचे हायवा पुरे करतात. पूर्वी ठरावीक लांबीमागे मैलकुली असे. पावसाळ्याआधी चर काढणे, झुडपे तोडणे, खड्डा लहान असतानाच बुजवणे हे त्याचे रोजचे काम. आता त्याची जागा निविदेने घेतली. आणि निविदा निघेपर्यंत खड्डा थांबत नाही.

यावर तोड नाही असेही नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते आणि तिची रक्कम करारातच वर्षवार ठरलेली असते. कामाचा तपशील रस्त्याकडेच्या फलकावर लावतात. देखभालीचे पैसे पाहणीनंतर, ‘ई-मार्ग’ या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळतात. खरी परीक्षा सहाव्या वर्षी सुरू होते. २०२४ मध्ये केंद्राने या योजनेच्या चौथ्या टप्प्यात देशभर ६२,५०० किलोमीटर रस्त्यांना मंजुरी दिली. त्या प्रत्येक रस्त्याला कधीतरी सहावे वर्ष उजाडणार आहे. त्याची तरतूद आजच दिसायला हवी.

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांत रस्ते आणि मोऱ्या स्पष्ट नोंदवल्या आहेत. तरीही मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर इथली जिल्हा परिषद तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्थानिक निवडणुका घेण्यास बजावावे लागले. अधिकारी कामे करतात, पण गटातल्या रस्त्यासाठी ज्याला भर चौकात अडवता येते तो सदस्यच नसेल, तर जाब विचारायचा कोणाला?

शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये घेतला. बांधावरच्या वाटेला नोंद मिळते, तर लाखो रुपये खर्चून केलेल्या डांबरी रस्त्याला का नको? प्रत्येक इजिमा व ग्रामा रस्त्याचा एक पानी उतारा जिल्हा परिषदेने ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा: रस्ता कोणाकडे, शेवटचे काम कधी, कंत्राटदाराची जबाबदारी कोणत्या तारखेपर्यंत, यंदा देखभालीला किती रुपये आणि कोणत्या अभियंत्याकडे तक्रार करायची. माहिती दप्तरात आहेच. ती फक्त भिंतीवर यायची आहे. दरवर्षी १ मेच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. पावसाला महिना असतो. तेवढ्यात चर आणि मोऱ्या मोकळ्या होऊ शकतात. गावकऱ्यांनीही नव्या रस्त्याचा ठराव मांडण्याआधी जुन्याचा उतारा मागावा. ज्या रस्त्यापुढे जबाबदार नाव लिहिलेले नाही, त्याच्या दुरुस्तीचा ठराव कितीदाही मंजूर झाला तरी तो हाती घेणारे कोणी नसते.