कोआलाचे फोटो आणि अंजनेरीची गिधाडं



सुट्ट्या लागल्या की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर कोआला यायला लागतात. मेलबर्नची भाची, सिडनीचा पुतण्या, त्यांची मुलंबाळं... कुणी कांगारूला तळहातावरून दाणे भरवतंय, कुणी वॉम्बॅटच्या बिळात डोकावतंय. फोटो गोड असतात, मुलं त्याहून गोड. पण खाली ठरलेलं वाक्य असतंच : "किती छान ठेवलंय ना यांनी! नाहीतर आपल्याकडे..."

त्या तीन टिंबांशी माझं भांडण आहे. आजचा लेख त्याबद्दलच. (नातेवाईकांनी रागावू नये. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा म्हणजे झालं.)

आधी कौतुक कशाचं करता आहात ते नीट समजून घ्या. मेलबर्नपासून साधारण पासष्ट किलोमीटरवर हील्सव्हिल नावाचं अभयारण्य आहे. मुलीकडे गेले होते तेव्हा तिथे अख्खा दिवस घालवला, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. शरीररचनाशास्त्राचे डॉक्टर कॉलिन मॅकेन्झी यांनी 1920 च्या सुमारास तिथे देशी प्राण्यांच्या अभ्यासाला सुरुवात केली आणि 1934 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे सिंह नाही, हत्ती नाही, जिराफ नाही. आहे ते सगळं त्यांच्या मातीतलं. प्लॅटिपस, एकिडना, डिंगो, इतर पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारा लायरबर्ड. बंदिवासात प्लॅटिपसचं पिल्लू जगात पहिल्यांदा जन्मलं तेही तिथेच, 1943 मध्ये. प्राण्यांचं इस्पितळही आवारातच आहे. जखमी प्राण्यावर डॉक्टर उपचार करत असतात आणि मुलं काचेला नाक लावून बघत असतात.

मला त्या जागेत सगळ्यात आवडलं ते हे, की तिथली मुलं प्राणी बघताना "आमचा" म्हणतात. अवर कोआला, अवर प्लॅटिपस. हा "आमचा" शब्द आकाशातून पडलेला नाही. याच देशातल्या टास्मानियात 1888 ते 1909 अशी एकवीस वर्षं सरकार थायलसिन मारणाऱ्याला बक्षीस देत होतं. शेवटचा ज्ञात थायलसिन 1936 मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. घालवल्यावर शहाणपण आलं, पण आलं, आणि अजून येतं आहे. व्हिक्टोरिया राज्यात कोआलाला कडेवर घेऊन फोटो काढायला मनाई आहे. ब्रिस्बेनच्या लोन पाइनमध्ये, जिथे 1927 पासून कोआला आहेत आणि कडेवरच्या फोटोसाठीच जी जागा जगभर ओळखली जायची, तिथेही 2024 मध्ये ती प्रथा बंद झाली. पैसे मिळत नव्हते म्हणून नव्हे. बघायला यावं, पण प्राण्याला खेळणं करू नये म्हणून.

आता आपल्याकडे या.

मुंबईच्या राणीच्या बागेत जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. मूळचे ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. ऑक्टोबरात त्यातलं एक दगावलं. मार्च 2017 मध्ये वातानुकूलित काचघर लोकांसाठी उघडलं आणि रांगा लागल्या. पुढे तिथे पिल्लंही झाली, नीट वाढली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझा राग त्या पाखरांवर नाही आणि त्यांची निगा राखणाऱ्यांवर तर नाहीच. राग आहे तो "परदेशी असेल तरच बघण्यासारखं" या समजुतीवर. ही समजूत रांगेपुरती थांबत नाही. एप्रिल 2022 मध्ये पश्चिम बंगालमध्ये जलपायगुडी-सिलिगुडीच्या बाजूला चक्क कांगारू रस्त्याकडेला भटकताना सापडले. तस्करांनी आणलेले आणि पकडले जाऊ म्हणून सोडून दिलेले! कांगारू बंगालमध्ये कशाला येतो? कुणालातरी तो आपल्या अंगणात हवा असतो म्हणून.

आणि इतकं लांब कशाला जायचं? हल्ली गावोगावी "पक्षी उद्यानं" निघाली आहेत. तिकीट काढा, खांद्यावर मकाव बसवून घ्या, हातावर इग्वाना ठेवून घ्या, फोटो काढा, आइस्क्रीम खा, घरी जा. अशाच एका ठिकाणी माझ्या नातवाच्या हातावर इग्वाना ठेवला होता. मी त्याला विचारलं, "आपल्याकडे असा कोण असतो रे?" त्याला सांगता येईना. ज्या महाराष्ट्रात तानाजीची घोरपड ठाऊक नसलेलं पोर नव्हतं, तिथल्या पोराला घोरपड माहीत नाही. इग्वाना माहीत!

मी तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं. वर्गाच्या भिंतीवर प्राण्यांचा तक्ता असायचा : सिंह, झेब्रा, जिराफ, कांगारू. मुलं एका दमात नावं म्हणायची. पाड्यांवरून येणाऱ्या मुलांना मी विचारायचे, "यातलं तुमच्या रानात कोण आहे?" तर वर्ग शांत. मग एखादा मागच्या बाकावरून हळूच म्हणायचा, "बाई, आमच्याकडचं यात कोणीच नाही." त्या मुलाला साळिंदराचा माग काढता येत होता, पाखरू नुसतं ओरडण्यावरून ओळखता येत होतं. पण ते ज्ञान तक्त्यावर नव्हतं, म्हणून ते ज्ञानच नव्हतं. आपल्या मुलांना आपलं रान परकं वाटतं ते असं, लहानपणापासून, पद्धतशीरपणे.

त्यांचा एकिडना मुंग्या-वाळवी खातो, आपलं खवले मांजरही तेच खातं. त्यांचा लायरबर्ड नकला करतो, आपला भृंगराजही करतो. त्यांची गोआना ती आपल्या घोरपडीची सख्खी भावकी. फरक प्राण्यांत नाही, बघणाऱ्यांत आहे.

तर मंडळी, "आपल्याकडे काय आहे?" याचं उत्तर मी त्र्यंबकच्या वाटेवरच देते.

नाशिकहून त्र्यंबकला येताना गाव सहा-सात किलोमीटर राहिलं की डाव्या हाताला अंजनेरी उभा राहतो. सुमारे तेराशे मीटर उंचीचा. तुम्ही गाडीतून बोट दाखवून मुलांना सांगता, "हनुमानाचा जन्म इथला." बरोबर आहे, सांगा. पण काच खाली करून कड्याकडेही नीट बघा. काळ्या कातळावर पांढरे ओघळ दिसतील. तिथे लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हिवाळ्यात जोडी एकच अंडं घालते, वर्षाला एकच. ते पिल्लू जगलं तर जगलं.

ही गिधाडं किती मोलाची ते आकड्यांत सांगते. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली लांब चोचीची गिधाडं सुमारे 97 टक्के घटली आणि पांढऱ्या पाठीची 99 टक्क्यांहूनही जास्त. कारण डायक्लोफेनॅक. गुरांना दुखण्यावर देतात ते औषध. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. 2004 मध्ये हे शोधून सिद्ध झालं, 2006 मध्ये गुरांसाठी या औषधावर आपल्याकडे बंदी आली. 2024 मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला, की गिधाडं गेल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. मढी कुजत राहिली, पाणी नासलं, भटकी कुत्री वाढली. एवढं काम फुकट करणारा पाखरू आपण काय म्हणून ओळखतो? "गिधाडासारखे तुटून पडले"! मराठीत गिधाड ही शिवी आहे. मराठीची बाई म्हणून मला याची लाज वाटते.

आणि ही शिवी त्या मुलखात, जिथे इगतपुरी तालुक्यात टाकेदला जटायूने रामासमोर प्राण सोडला अशी श्रद्धा आहे! तीर्थाला जायचं, हात जोडायचे आणि येताना वाटेत गिधाड दिसलं तर "शी" म्हणायचं.

आमच्याच तालुक्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखातं आणि पाड्यावरची माणसं यांनी मिळून गिधाडांसाठी "उपाहारगृह" उभं केलं. मेलेलं जनावर उघड्या माळावर ठेवायचं, म्हणजे गिधाडांना निर्धोक अन्न मिळतं. ना पिंजरा, ना काच. सांगा बरं, हे हील्सव्हिलच्या कुठे कमी आहे? फक्त त्याला आइस्क्रीमची गाडी नाही.

अंजनेरीवरच एक कंदीलपुष्पाची वनस्पती सापडली, 2006 मध्ये शास्त्राने तिची नवी जात म्हणून नोंद केली आणि नावच दिलं "सेरोपेजिया अंजनेरिका". आपल्या डोंगराचं नाव जगाच्या वनस्पतिशास्त्रात गेलं. किती त्र्यंबककरांना माहीत आहे? अंजनेरीला 2017 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, हेही किती जणांना?

मे 2022 मध्ये हनुमानाचा जन्म अंजनेरीचा की किष्किंधेचा यावर नाशिकला धर्मसभा भरली आणि आवाज चांगलेच चढले. चढोत. पण ज्या डोंगरासाठी आपण इतके तावातावाने भांडतो, त्या डोंगरावर राहणाऱ्यांसाठी कोण भांडणार? आधी अंजनेरीवर मोटाररस्ता न्यायचा प्रस्ताव आला. मग केंद्राच्या पर्वतमाला योजनेतून ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेची योजना आली. दोन्ही वेळा निसर्गप्रेमींनी गिधाडांच्या घरट्यांकडे बोट दाखवलं आणि दोन्ही वेळा त्यांना ऐकावं लागलं, "तुम्हाला पाखरं प्यारी, म्हातारी माणसं नाहीत."

आता इथे मला बोलायचा हक्क आहे, कारण ती म्हातारी माणसं म्हणजे मी. सत्तरी केव्हाच ओलांडली, दोन्ही गुडघे बोलतात. ज्यांच्या सोयीसाठी रोपवे हवा असं सांगतात त्यांच्यातलीच मी एक. म्हणून स्पष्ट सांगते : माझ्या गुडघ्यांच्या नावावर हे खपवू नका. मला अंजनीमातेचं दर्शन पायथ्यावरून चालतं. आमच्या त्र्यंबकची रीतही तीच सांगते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो माणसं ब्रह्मगिरीची फेरी करतात. पायी, डोंगराला वळसा घालून. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा, त्याच्या डोक्यावर बसायचं नाही. याला प्रदक्षिणा म्हणतात. इतका सुंदर विचार आपल्याकडे असताना कड्याशेजारून डबे फिरवण्याचा अट्टाहास कशासाठी?

रोजगाराचा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांना काम हवंच. पण रोपवेच्या खिडकीवर तिकीट फाडणं हे एकच काम आहे का? ज्या पोरांना आवाजावरून पाखरू कळतं त्यांना वाटाडे करा. पायथ्याशी, घरट्यांपासून लांब, दोन चांगल्या दुर्बिणी बसवा. एक फलक लावा, त्यावर नावं मराठीत आणि पाड्यावरच्या बोलीत लिहा. विणीच्या महिन्यांत ढोल, भोंगे, फटाके बंद. 2027 च्या सिंहस्थासाठी पैशाचा पूर यायचाय, त्यातला एक ओंजळभर एवढ्याला पुरे. भारी काही नको. भारी केलं की पाखरं जातात.

आणि सुट्टीत येणाऱ्या माझ्या भाच्या-पुतण्यांनो, "मुलांना कुठे न्यायचं?" म्हणून मला विचारू नका, हे वाचून ठेवा. एक सकाळ अंजनेरीच्या पायथ्याशी, मान वर करून, तोंड बंद ठेवून. एक दिवस नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. थंडीत गेलात तर दूरदेशचे पक्षी स्वतःच्या पंखांनी आलेले दिसतील, त्यांना विमानाने आणावं लागत नाही. एक दिवस येवल्याकडे ममदापूर, काळविटांसाठी. घरात पिंजऱ्यात पोपट असेल तर मात्र आधी त्याची सोय लावा. देशी पोपट पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि वनखात्याला कळवलं की ते पुढचं बघतात.

कदाचित गिधाड दिसणार नाही. दोन तास उभं राहून नुसतं आभाळ बघून परत यावं लागेल. मुलं कुरकुरतील. कुरकुरू द्या. तिकिटाच्या बदल्यात हजर होतो तो प्राणी पाळीव, आपल्या मर्जीने दिसतो तो रानाचा. हा फरक एकदा कळला की ती पोरं मोठी झाल्यावर कड्यावर यंत्रं चढायला लागतील तेव्हा निदान विचारतील तरी, "आमची गिधाडं कुठे जाणार?"

मला एवढा "आमची" शब्दच ऐकायचा आहे. असो.