तळ्यातला तळ्यात, नदीतला नदीत

मुक्ताईनगर तालुक्यातल्या शेततळेवाल्या भावांनो, भोई बांधवांनो आणि गावतळ्याचा ठेका घेणाऱ्या मंडळींनो,

मृगाचा दणका बसला, पूर्णेला गढूळ लोंढा आला की चढणीचे मासे उलट्या धारेला लागतात. प्रत्येक जातीचा मुहूर्त ठरलेला, जागा ठरलेली. कुणी खळाळत्या गोट्यांवर अंडी घालतं, कुणी काठच्या उथळ पाण्यात. म्हणून एकाच डोहात राहूनही जाती सहसा मिसळत नाहीत. हा न दिसणारा बांध नदीनेच घातलाय.

बीजकेंद्रात तो सुईने फुटतो. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात कार्प माशांची वीण घडवली. त्या शोधावर आपली शेततळी उभी आहेत, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण सुई टोचली की मुहूर्त लागत नाही, जागाही लागत नाही. एका हौदात रोहू-कटला एकत्र सोडले तर संकरित पिल्लं होतात, आणि ती पुढे वितातही. तळ्यात हे खपतं, कारण तिथल्या माशाला बाजार गाठायचा असतो. नदीतल्याला मात्र पुढच्या मृगात पुन्हा चढायचं असतं.

थाई मांगूरचंच बघा. नाव थाई, मूळ आफ्रिकेचं. थायलंडमध्ये त्याचा नर आणि तिथली गावठी मादी यांचा संकर मुद्दाम केला, कारण तो झपाट्याने वाढतो. तो तळ्यांतून सुटला आणि बाहेरच्या गावठी मांगूरमध्ये आफ्रिकेचा अंश सापडू लागला. आपल्याकडे या माशावर २००० सालापासून बंदी आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही बजावलं. तरी कुणी स्वस्तात बीज देतो म्हणाला, तर हात जोडून परत पाठवा.

एवढं करा. बोटुकली घेताना जात विचारा, पक्की पावती मागा. उन्हाळ्यात तळं उपसल्यावर उरलेले मासे नाल्यात ओतू नका. घरच्या काचपेटीतले मासे पुण्य म्हणून चांगदेवच्या संगमावर सोडू नका. जाळ्यात थाई मांगूर आला तर पाण्यात परत टाकू नका. जळगावच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

आणि सांडव्याला जाळी लावा, बोटुकलीही निसटणार नाही इतकी बारीक. आपल्या नाल्यात सुटलेला मासा आपल्या शिवारात थांबत नाही. पूर्णेतून तापीत, तापीतून हतनूरच्या जलाशयात, आणि दरवाजे उघडले की त्याच्याही पुढे. जाळी मृगाआधीच बसवा. सांडवा वाहू लागला की तिथे उभंही राहता येत नाही.