मार्च एंडचा बर्फ

नगर जिल्ह्यात मार्च महिना कुणालाच मोकळा नसतो. शिवारात गहू काढणीला आलेला, उन्हाळ कांदा उपटायची घाई, कारखान्यांची धुराडी थंडावू लागलेली. पतसंस्थेचे वसुलीवाले दारोदार फिरत असतात, दुकानदार ‘मार्च एंड’चे नाव सांगून फोन उचलत नाहीत, पोरांच्या परीक्षा तोंडावर आणि रंगपंचमीला मढीची यात्रा. अशा महिन्यात कुणी घरात म्हणाले, की आपण आल्प्समध्ये बर्फावर घसरायला जाऊ, तर आजी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहील.

तरी हा विषय आता थट्टेवारी नेण्यासारखा राहिलेला नाही. सावेडीत, संगमनेरात, लोणीत असे एखादे तरी घर सापडते, जिथली लेक नाहीतर भाचा जर्मनीत नोकरीला आहे आणि ‘मार्चमध्ये या, बर्फ छान असतो’ असा निरोप दरवर्षी येतो. निरोप खरा आहे. प्रश्न एवढाच, की तो आपल्याला कितपत लागू पडतो.

इथे दोन वेगळ्या सहलींची गल्लत होते. एक बर्फ पाहायची, दुसरी बर्फावर स्की शिकायची. मराठी पर्यटन कंपन्यांच्या युरोप सहली एप्रिलपासून जूनपर्यंत चालतात त्या पहिल्या प्रकारच्या. त्या दिवसांत आल्प्समधल्या बहुतेक स्की-गावांच्या लिफ्ट बंद होत आलेल्या किंवा झालेल्या असतात, कुरणांवर गवत आणि पिवळी फुले असतात. बर्फ पाहायचा तर वर जावे लागते: १९१२ पासून रेल्वे जिथपर्यंत पोहोचते त्या ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला, नाहीतर टिटलिसला. तिथे तासभर बर्फात खेळायचे, गोळे मारायचे, फोटो काढायचे आणि डब्यातला पराठा खायचा. यात कमीपणा काही नाही. आजी-आजोबांसह आठ जणांच्या कुटुंबाला हीच सहल सोयीची, आणि तिच्यासाठी मार्चमध्ये सुटी मागायचे कारण नाही.

स्की शिकायची असेल तर मात्र गणित उलटते. मार्चच्या उत्तरार्धात आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उंचावरच्या गावांत बर्फाचा थर अजून भरपूर असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि जानेवारीची हाडे गोठवणारी थंडी सरलेली असते. नवख्याला हे मानवते. पण या बर्फाचे एक वेळापत्रक असते. रात्री तो गोठून दगडासारखा होतो, सकाळी पहिल्या तासात कडक आणि निसरडा. साडेनऊ-दहानंतर ऊन लागले की वरचा थर मऊ पडतो आणि मग दोन-तीन तास पाय हवे तिथे वळतात. दुपारी एकनंतर त्याची खिचडी होते, स्कीच्या पट्ट्या रुततात, गुडघे मुरगळतात ते याच वेळी. उन्हाने भिजलेल्या उतारांवर हिमस्खलनाचा धोकाही दुपारीच वाढतो. युरोपभर हा धोका १ ते ५ अशा आकड्यांत रोज जाहीर होतो. तेव्हा शहाण्याने सकाळी लवकर निघावे आणि जेवायला खाली यावे. उन्हाळ्यात आपण शेतावरची कामे अकराच्या आत उरकतो, तशातलाच हा प्रकार.

गाव निवडताना उंची पाहावी, कारण खालच्या गावांचा भरवसा उरलेला नाही. फ्रान्समधले ला सँब्युई हे छोटे स्की-केंद्र बर्फाअभावी २०२३ मध्ये कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. व्हाल थोरान्स २,३०० मीटरवर आहे आणि मे उजाडेपर्यंत चालते. झरमॅटचे रेल्वे स्टेशन १,६०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून जेमतेम चाळीसेक मीटर खाली, पण तिथून लिफ्ट जवळपास ३,९०० मीटरपर्यंत नेते. मधल्या उंचीवरची बरीच गावे तोफांनी कृत्रिम बर्फ पाडून हंगाम ओढतात आणि त्यासाठी डोंगरात तळी खोदून पाणी साठवतात. ला क्लुझा गावातल्या अशाच एका तळ्यावरून २०२२ मध्ये आंदोलन झाले, प्रकरण न्यायालयात गेले. भंडारदऱ्याच्या आवर्तनावरून तावातावाने भांडणाऱ्या जिल्ह्याला ती बातमी परकी वाटायचे कारण नव्हते.

आता आपले पंचांग. राज्य मंडळाच्या शाळांत पहिली ते नववीच्या परीक्षा अलीकडे एप्रिलपर्यंत लांबल्या आहेत, म्हणजे या मुलांना मार्च-एप्रिलची वाट बंदच. सीबीएसईच्या शाळांना जुन्या आणि नव्या वर्षाच्या मध्ये मार्चअखेरीस थोडी फट मिळते, पण त्याच आठवड्यात वडिलांचे ताळेबंद असतात. कांदा असेल तर बोलायलाच नको. नेप्तीला नाहीतर घोडेगावला गोणी उतरवून लिलावाची वाट पाहणारा माणूस भाव सोडून स्वित्झर्लंडला जाईल, ही कल्पनाच करू नये. बारावीची मुले सीईटी, नीट, जेईईत अडकलेली. एकच जीव असा, की जो मार्चच्या मध्याला पेपर टाकून सुटतो आणि जूनपर्यंत त्याचे काय करायचे ते घराला सुचत नाही: दहावीचे पोर. अंग लवचीक, पडायची भीती नाही, आणि मोबाइलपासून चार तास लांब राहील अशी दुसरी जागा बापाला सापडलेली नसते.

मग आल्प्सच का, हिमालय का नाही, असा प्रश्न कुणीही विचारील आणि तो रास्त आहे. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, तिथला गोंडोला अफरवटच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत चढतो. पर्यटन मंत्रालयाची स्कीइंगची संस्था तिथे आहे. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलांगला दोन आठवड्यांचे वर्ग घेते. दोन आठवडे रोज बर्फावर राहून, संस्थेत राहून-जेवून, आल्प्सच्या तुलनेत किरकोळ फीमध्ये जे शिकवले जाते त्याला तोड नाही. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान गुलमर्गच्याच उतारांवर घडला.

पण दोन अडचणी आहेत. हिमालयाचा बर्फ पश्चिमी झंझावातांच्या लहरीवर चालतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे उघडी पडली होती, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून मार्चवर ढकलाव्या लागल्या. शिवाय या वर्गांचा भर जानेवारी-फेब्रुवारीत असतो, म्हणजे दहावीचे पोर मोकळे होते तेव्हा तिथला हंगाम आवरत आलेला असतो. काश्मीरबद्दल आणखी एक गोष्ट न बोलता सुटत नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसे मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर एखादी आई ‘तिकडे नको’ म्हणाली तर तिच्याशी आकडेवारी काढून वाद घालू नये.

मनालीच्या वाटेवर भाड्याचे कोट आणि गमबूट घालून, दहा मिनिटे स्कीवर उभे राहून फोटो काढायचा, तो प्रकार शिकण्यात धरत नाही. खरा स्कीचा बूट एकदा पायात घातला की फरक कळतो. वरून प्लास्टिकचे कवच, चार बकले, घोटा जागचा हलत नाही, नडगी सतत पुढच्या कडेवर दाबलेली. पहिल्या दिवशी माणूस त्यात चालायला शिकतो, दुसऱ्या दिवशी पडायला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी, पट्ट्यांचे शेंडे जवळ आणून टाचा फाकवल्या की वेग मरतो, हे डोक्याला नाही तर मांडीला समजते. म्हणून सहा दिवसांहून कमीचा बेत आखू नये. पॅकेजमधल्या एका दिवसाच्या ‘स्की अनुभवा’त पैसे देऊन फक्त पडणे पदरी येते.

खर्चाची बाजू लपवण्यात अर्थ नाही. विमान आणि हॉटेल हे दोनच आकडे घरात बोलले जातात, पण लिफ्टचा पास, बूट-पट्ट्यांचे भाडे आणि शिक्षकाची फी ही तीन खाती वेगळी असतात. स्वित्झर्लंडच्या मोठ्या ठिकाणी एका दिवसाचा पास आठ-दहा हजार रुपयांच्या घरात जातो. नवख्याला तो पूर्ण पास लागतच नाही. अनेक फ्रेंच गावांत शिकाऊ उतारांच्या लिफ्ट फुकट किंवा स्वस्त असतात, हे विचारून घ्यावे. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, अर्ज सहा महिने आधी करता येतो आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. त्या विम्यात स्कीची दुखापत धरली आहे का ते बारीक अक्षरात वाचावे, कारण पुष्कळदा नसते. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. त्या आठवड्यात युरोपच उतारांवर लोटते, ते टाळून एप्रिलचा पहिला आठवडा उलटल्यावर निघावे.

सगळे तोलून आमचे मत असे. अख्खे कुटुंब मार्चमध्ये ओढत नेऊ नये, त्यात ना धड स्की होते ना धड सहल. कुटुंबाने मे महिन्यातच जावे. कॉलेजातल्या किंवा नोकरीतल्या तरुणाने जानेवारी-फेब्रुवारीत सोलांग नाहीतर गुलमर्गचा वर्ग करावा, आल्प्सवर उधळायचे पैसे नंतर आहेतच. ज्याची ऐपत आहे आणि घरात दहावी सुटलेले पोर आहे, त्याने एका पालकाला सोबत देऊन त्याला एप्रिलमध्ये उंचावरच्या एकाच गावात आठवडाभर ठेवावे. शेजारणी विचारतील, की बाई, एवढ्या लांब जाऊन पॅरिस नाही पाहिले? विचारू द्यावे.

तिकिटे काढण्याआधी एक रविवार मात्र कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात घालवावा. कळसूबाई चढताना दम लागतो, त्याकडे लक्ष देऊ नये, स्कीमध्ये चढायला लिफ्ट असते. पाहायचे ते उतरताना. शिड्या संपून खालच्या पायऱ्यांवर मांड्या थरथरू लागल्या, तर त्याच मांड्यांवर तिकडे सहा दिवस काढायचे आहेत.