पुडीवर काय लिहिले आहे?

थंडी पडली की सातपुड्याच्या पायथ्याशी टाचांना भेगा पडतात, ओठ फुटतात. धानोऱ्यासारख्या नंदुरबार जिल्ह्यातील गावांचा जुना उपाय म्हणजे मोहाच्या बियांचे तेल. आता गावोगावच्या दुकानांत क्रीमच्या छोट्या डब्या आणि शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकतात. पाच-दहा रुपयांत शहरातली चैन खेड्यातल्या लेकीसुनांनाही मिळते, हे चांगलेच. पण त्या पुडीत असते काय?

त्वचा मऊ ठेवणारी स्निग्धद्रव्ये आज बहुतेक कारखान्यांतून येतात. अमेरिकेत चेसब्रो यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेली पेट्रोलियम जेली आणि तिचे भावंड लिक्विड पॅराफिन, दोन्ही खनिज तेलापासून बनतात. म्हणून ती विषारी ठरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशुद्ध किंवा अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेले कर्करोगकारक ठरवली आहेत; पूर्ण शुद्ध केलेल्या तेलांना त्या यादीत टाकलेले नाही. म्हणजे प्रश्न ‘केमिकल’चा नाही, शुद्धतेचा आहे.

सिलिकॉनची गोष्ट निराळी. डी-४ आणि डी-५ ही त्यांतली द्रव्ये पाण्यात गेली की लवकर नष्ट होत नाहीत. म्हणून युरोपीय संघाने धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्यांचे प्रमाण २०२० पासून ०.१ टक्क्यापेक्षा कमी ठेवायला लावले. अंगावर राहणाऱ्या क्रीमनाही २०२७ पासून हीच मर्यादा लागू करण्याचे त्यांनी २०२४ मध्ये ठरवले. दुसरीकडे ‘वनस्पतिजन्य’ म्हणून मिरवणारी कित्येक स्निग्धद्रव्ये पामतेलापासून होतात, आणि त्या पामच्या मळ्यांसाठी इंडोनेशिया-मलेशियातली जंगले तुटली आहेत. तेव्हा ‘नैसर्गिक ते चांगले, कृत्रिम ते वाईट’ हा हिशेब इतका सोपा नाही.

मग ग्राहकाने निवडायचे कसे? वेष्टनावरची घटकांची यादी वाचून. बँकेत हयात काढलेल्या माझ्यासारख्याला बारीक अक्षरे वाचायची खोडच असते. पण इथे अक्षरेच नसण्याची सोय आहे. आपल्या प्रसाधन नियमांनुसार ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव वेष्टनावर आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान घन किंवा अर्धघन वेष्टनावर ही यादी छापण्याचे बंधन नाही. मोठी बाटली घेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गृहिणीला जी माहिती हक्काने मिळते, ती रोजंदारीवरच्या बाईला तिची खरेदी लहान आहे एवढ्याच कारणाने नाकारता येते!

पुडीवर जागा नाही, ही सबब पुरेशी नाही. माळेच्या वरच्या पट्टीवर किंवा दुकानातल्या खोक्यावर ठळक मराठीत यादी छापता येईल. ही सवलत काढून टाकण्याची मागणी ग्राहक चळवळीने लावून धरली पाहिजे. मोहाचे तेल वापरणारीला त्यात काय आहे ते ठाऊक असते, कारण बिया तिने स्वतः वेचलेल्या असतात. पाच रुपये मोजणारीलाही तेवढे कळायला नको का?