आधी जवळ या, मग माईक बदला

मार्च 2020 च्या टाळेबंदीत मुंबईच्या अंधेरी-ओशिवऱ्यातले डबिंग स्टुडिओ बंद पडले आणि आवाजाचा धंदा घरात शिरला. कुणी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून जाहिराती वाचल्या, कुणी पांघरूण ओढून संवाद म्हटले. स्टुडिओ पुढे उघडले, पण घरचं रेकॉर्डिंग गेलं नाही. पॉडकास्ट, श्राव्यपुस्तकं आणि घरबसल्या पाठवायच्या ऑडिशन यांनी ते कायमचं केलं. त्याबरोबर एक मतही कायमचं होऊन बसलं आहे: रेकॉर्डिंगमध्ये खरखर आली किंवा आवाज बारीक आला की माईक हलका, भारी घ्या. हे मत मला साफ अमान्य आहे.

पूर्वपक्षाला न्याय द्यायचा तर त्यात तथ्य आहे. प्रत्येक माईकची स्वतःची सळसळ असते. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी2020 ची ती 20 डेसिबल, रोडच्या एनटी1 ची साडेचारच्या आसपास. कागदावर हा फरक दणदणीत आहे. पण घाटकोपरला डोक्यावरून विमानं उतरत असतात, खाली रिक्षा, शेजारी पुनर्विकासाचा ब्रेकर. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची कायदेशीर मर्यादाच 45 डेसिबल आहे, दिवसाची 55, आणि ती कितपत पाळली जाते हे आपण सगळे जाणतो. खिडक्या लावूनही खोली 35-40 च्या खाली उतरणं कठीण. त्या गोंगाटाखाली 20 काय आणि साडेचार काय, दोन्ही गाडलेले. तो फरक ऐकण्यासाठी पैसे मोजायचे असतील तर आधी घाटकोपर सोडून माथेरानला राहायला जावं लागेल.

मग दुसरी फळी पुढे येते: कंडेन्सर सोडा, डायनॅमिक घ्या, तो बाहेरचं घेतच नाही. हा समज सगळ्यात चिवट आहे, कारण प्रत्येक पॉडकास्टवाल्याच्या तोंडासमोर शूअरचा एसएम7बी दिसतो. पण कुठल्याही माईकला घरचं कोण आणि बाहेरचं कोण हे कळत नाही. तेवढ्याच ध्वनिदाबाला एटी2020 सुमारे 14 मिलिव्होल्ट देतो, एसएम7बी जेमतेम एक. म्हणजे त्याला रिक्षा हळू ऐकू येते आणि तुम्हीही तितकेच हळू ऐकू येता. तूट भरून काढायला गेन साठेक डेसिबलपर्यंत चढवावा लागतो, आणि स्वस्त इंटरफेसचा नॉब शेवटाला टेकला की त्याची हिस सुरू होते. तरीही त्या मंडळींचं रेकॉर्डिंग स्वच्छ का येतं? कारण ती माईकला जवळजवळ ओठ लावून बोलतात. श्रेय त्या दोन-चार बोटांच्या अंतराचं, आणि ते फुकट मिळतं.

अंतराची ही ताकद उपनगराला नवी नाही. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ 1949 चा. त्यातल्या ‘आएगा आनेवाला’बद्दल लता मंगेशकरांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे: सुरुवातीचा आवाज लांबून येतोय असं वाटावं म्हणून त्यांना माईकपासून दूर उभं केलं आणि गात गात जवळ यायला लावलं. माईक एकच, गळा एकच. परिणाम साधला तो चालण्यानं.

आता माझा पक्ष, आकड्यांत. तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज 6 डेसिबलनं वाढतो. खोलीतला गोंगाट मात्र आहे तिथेच राहतो. साधं बोलणं मीटरभर अंतरावर साधारण 60 डेसिबल भरतं. खोली 36 ची धरा. दोन्हींत दरी 24 ची. तोंड 15 सेंटीमीटरवर आणा, बोलणं 76 वर जातं, दरी 40 ची होते. ॲमेझॉनच्या एसीएक्स या श्राव्यपुस्तक सेवेची अट अशी: वाचनाची सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल, आणि शांततेतला गोंगाट उणे 60 च्या खाली. दरी पुन्हा 40 च्या घरातलीच. हिशेब ढोबळ आहे, पण खुर्ची पुढे ओढण्याइतका पक्का. ‘प’ आणि ‘फ’चे फुत्कार येतील, त्यावर माईक थोडा तिरका धरणं आणि पॉप फिल्टर लावणं एवढं पुरतं.

बसायची दिशाही लोक हमखास उलटी निवडतात. खिडकीकडे पाठ करून बसलं की कार्डिऑइड माईकचं तोंड थेट रस्त्याकडे होतं. त्याचा बहिरा भाग पाठीमागे असतो. म्हणून खिडकीकडे तोंड करून बसा, माईक मधे, आणि तुमच्या पाठीशी उघडं कपाट किंवा टांगलेली गोधडी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. कागदाच्या लगद्यानं लिंक रोड अडत नाही, आणि आग लागली तर तेच आधी पेटतात.

‘गेन कमी ठेवा, नॉइज कमी येईल’ हा सल्ला ऐकून लोक कुजबुजल्यासारखं रेकॉर्ड करतात आणि नंतर वाढवतात. नंतर बोलणं आणि गोंगाट दोन्ही एकत्रच वाढतात. सगळ्यात मोठ्यानं म्हणायचं वाक्य आधी म्हणून पाहा. पीक उणे 12 ते उणे 6 च्या दरम्यान ठेवा, पुढे नॉबला हात लावू नका. यूएसबी माईक असेल तर कॉम्प्युटरच्या सेटिंगमधला बूस्ट आणि आपोआप पातळी सांभाळणारी सोय बंद करा. ती सोय तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की पंख्याला वर आणते.

नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात: पंख्याची एकसुरी घरघर ते बरी काढतं. शब्दावर पडलेली कुकरची शिट्टी काढायला गेलं तर शब्दही विद्रूप होतो.

एक खरखर मात्र हवेतून येतच नाही. फॅन्टम पॉवर बंद करून माईकची केबल काढा, गेन तसाच ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. घरघर कायम असेल तर दोष विजेकडे किंवा इंटरफेसकडे आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करा; 50 हर्ट्झचा हम बऱ्याचदा तिथेच सापडतो. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात पिन जाते पण मागे अर्थिंगची तार नसते. यावर ‘तिसरी पिनच काढून टाका, हम जाईल’ असं सांगणारे महाभाग आहेत. त्यांचं मुळीच ऐकू नका. ती पिन तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे. हम गेला तरी धातूच्या माईकला ओठ लावून बसलेल्या माणसाला शॉक बसू शकतो. इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग तपासून घ्या.

ब्रेकरवर माझ्याकडे उपाय नाही. तो थांबेपर्यंत थांबा. रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, 15 सेंटीमीटरवर बसून पाच मिनिटं वाचा. एवढं करूनही सळसळ राहिली आणि ती माईकचीच आहे असं ठरलं, तर खुशाल नवा माईक मागवा.